सत्यप्रत नानकटाई

दसरा सरला की जालन्याच्या मस्तगडातल्या बायकांना भट्टीची आठवण होते. भट्टी म्हणजे बेकरीच. पण बेकरी म्हटलं की काचेचं कपाट आणि केकवरची लाल चेरी डोळ्यांपुढे येते, आणि आम्हाला जायचं असतं मागच्या दाराने, जिथे लाकडं रचलेली असतात. हातात पत्र्याचा मोठा डबा, डब्यात मैदा, रवा, पिठीसाखर, वेलदोड्याची पुडी आणि सगळ्यात वर, कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेताने फडक्यात गुंडाळलेली तुपाची बरणी. सामान आपलं, आग त्यांची, भाजणावळ किलोवर. संध्याकाळी तोच डबा नानकटाईने भरून घरी येतो आणि त्या नानकटाईला आम्ही बिनदिक्कत 'घरची' म्हणतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे पटत नाही. बेकरीत केलेली वस्तू घरची कशी, असं ते विचारतात. त्यांच्याकडे ओव्हन घरात असतो आणि चकल्या बाहेरून येतात, तेव्हा त्यांच्याशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मस्तगड हा खरोखरचा गड आहे, हेही बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. १७२५ साली निजाम-उल-मुल्क आसफजाहाच्या सांगण्यावरून काबिल खानाने तो बांधल्याची नोंद गॅझेटियरात आहे. फारसी शिलालेख आहे, भली मोठी विहीर आहे. पुढे त्यातच नगरपालिकेचं कार्यालय थाटलं गेलं, त्यामुळे गडावर स्वारी करायची ती घरपट्टी भरायला, एवढाच पराक्रम आमच्या पिढीच्या वाट्याला आला. निजाम गेला, इंग्रजांची छावणी उठली, १ मे १९८१ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. छावणीने जाता जाता पाव मागे ठेवला असावा, कारण छावणी तिथे पाव हे गणित देशभर सारखंच आहे. आणि पावाची भट्टी पेटली की तिच्या उरलेल्या उबेवर गावाची बिस्किटं होतात. दिवाळीआधी आमचे डबे, ईदेआधी शेजारणींचे आणि मे महिन्यात पोरं घरात असतात तेव्हा सगळ्यांचेच.

उरलेली ऊब म्हटलं ते उगाच नाही. पावाला चढती आग लागते, नानकटाईला उतरती. पहाटेचे पाव निघाले, निखारे बाजूला सारले, भट्टीचा राग जरा शांत झाला की मग आमचा नंबर. घाई करून चढत्या आगीत ढकलली तर नानकटाई वरून लाल होते आणि आत पिठूळ राहते. म्हणून चाचा (भट्टीवाले सगळ्यांचेच चाचा) भट्टीच्या तोंडाशी हात धरून अंदाज घेतात, आणि त्यांनी मान हलवेपर्यंत कुणीही, अगदी आमच्या सासूबाईसुद्धा, 'झालं का' म्हणून विचारत नाहीत. ज्यांच्यापुढे सासूबाई गप्प बसतात अशा जालना जिल्ह्यातल्या मोजक्या माणसांत मी चाचांना धरते.

तोवर इकडे ओट्यावर परात मांडलेली असते. परातीत थिजलेलं तूप घ्यायचं आणि तळहाताने गोल गोल फेटायचं. रवाळ तूप आधी सैल पडतं, मग चमकतं, मग हळूहळू त्याचा रंग उतरत जातो आणि ते पांढरं, हलकं, फुगीर होतं. खांदा भरून येतो. झालं की नाही हे रंगावरून आणि हलकेपणावरून ओळखायचं. झालं असेल तर पुढे जायचं, नाही तर पुन्हा फेटायचं. मग पिठीसाखर, वेलदोडा, जरासं जायफळ, चिमूटभर सोडा आणि शेवटी रवा-मैदा, मळायचा नाही, नुसता गोळा करायचा. मळलं की तिचा खुसखुशीतपणा गेला. लाडूएवढे नाही, बोराएवढे नाही, मधल्या मापाचे गोळे करून पत्र्यावर लांब लांब ठेवायचे, कारण त्या पसरतात. जवळ ठेवल्या तर भट्टीतून एकच मोठी नानकटाई बाहेर येते आणि तिची वाटणी करताना घरात भांडणं होतात.

भट्टीवर एक अलिखित नियम आहे. कुणी कुणाच्या परातीत डोकावायचं नाही. आणि सगळ्या डोकावतात. बघायचं असतं ते एकच, तूप की डालडा. तोंडाने कुणी काही बोलत नाही. फक्त 'छान पांढरं झालंय हो' असं कुणी म्हणालं की समजायचं, निदान झालं. डालडा मुळातच पांढरा असतो.

मागच्या दिवाळीला या डोकावण्यात एक नवीन माणूस सामील झालं. माझी पुतणी. बंगळुरूला नोकरी करते, सुट्टीला आली होती आणि आपल्या ऑफिसातल्या मंडळींना मस्तगडची नानकटाई न्यायची तिची फार इच्छा. भट्टीवर आली, सगळं बघितलं, फोटो काढले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, हे सगळं एथिकल आहे ना?" शेजारच्या भाभींनी ऐकलं. त्यांना वाटलं तुपाचा नवीन ब्रँड आला. त्यांनी भाव विचारला.

मग पुतणीने ओट्यावर बसून सगळ्यांना समजावून सांगितलं. आपण जे खातो ते कुणाला छळून आलेलं नसावं, एवढंच म्हणणं. चॉकलेटचं उदाहरण दिलं. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, तिथे त्या मळ्यांत लहान मुलं राबतात, म्हणून ती तसं नसल्याचा शिक्का बघून चॉकलेट घेते. बायकांनी हळहळ व्यक्त केली. नानकटाईत कोको नसतो, त्यामुळे हळहळायला काही खर्च नव्हता. मग तिने विचारलं, यातलं तूप कुठलं, साखर कुठली, मैदा कुठला?

तुपापाशी आमची बाजू भक्कम होती. तूप अंबडजवळच्या खेड्यातून माझ्या मावशीकडून येतं. ती ते चरवीत भरून एसटीत बसवते आणि कंडक्टरला सांगते, "नीट ने बाबा." पुतणी जरा अडली. म्हणाली, पण म्हशीचं दूध म्हणजे पारडाच्या वाट्याचं ना? म्हशीला कुणी विचारलं? सासूबाई इतका वेळ परातीत मग्न होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारलं की. ती म्हणली, दोन सडं पोराला सोड, दोन तू घे." मावशीच्या गावात ही रीत आहे खरी. बारकं पारडू असेपर्यंत दोन सडांना हात लावायचा नाही. म्हशीशी झालेला हा करार कुठे लिहिलेला नाही, पण जी बाई तो मोडते तिची बोलणी पाणवठ्यावर होतात, आणि तपासणी अधिकाऱ्यापेक्षा पाणवठा कडक असतो.

डालड्याची परात ज्यांची होती त्या काकू मात्र अस्वस्थ झाल्या. मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. डालडा १९३७ साली बाजारात आला तो गरिबाचं तूप म्हणून, आणि आमच्या लहानपणी त्या पिवळ्या डब्याने मराठी घराची जी सेवा केली ती सख्ख्या नातेवाईकांनी केली नाही. आधी त्यात तूप, मग डाळी, मग तुळस, आणि पत्रा गंजून बूड सुटेपर्यंत शेवटची सेवा पहाटे माळावर. त्या डब्यावर एक हिरवं ताडमाडासारखं झाड होतं. गंमत म्हणजे तेव्हा डब्यात मुख्यतः शेंगदाण्याचं तेल असायचं. झाड नुसतं चित्रात होतं. ते खरोखर डब्यात शिरलं नव्वदीनंतर, पामतेलाची आयात खुली झाली तेव्हा. आज जगात सगळ्यात जास्त पामतेल बाहेरून आणणारा देश आपला. इंडोनेशिया-मलेशियात जंगलं तोडून त्याचे मळे लावले, ओरांगउटानांची राहायची जागा गेली, हे पुतणीने मोबाइलवर चित्रं दाखवून सांगितलं. इतकी वर्षं ते झाड आमच्या फळीवर उभं होतं आणि तुझं गाव कोणतं, असं त्याला आम्ही कुणी विचारलं नाही. काकू चित्र बघून म्हणाल्या, "अगं बाई, याचं तोंड तर आमच्या ह्यांच्यासारखं आहे." तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं. पण पुढच्या खेपेला त्यांच्या परातीत अर्धं तूप दिसलं. मी डोकावले होते.

वरवर हे सगळं नवीन वाटतं, पण विचार करू लागले तेव्हा मला जाणवलं की असा प्रश्न या घरात पहिल्यांदा विचारला गेलेला नाही. माझ्या आजेसासूबाई भट्टीची नानकटाई कधीच खात नसत. पोरांसाठी सामान काढून देत, तूप स्वतः मोजून देत, आणि डबा घरी आला की त्याच्यापासून चार हात लांब बसत. त्यांचाही प्रश्न हाच होता, याला कुणाचा हात लागला? फरक एवढाच की उत्तर ऐकून त्या हात मागे घेत.

बिस्किटाने या प्रश्नापायी मोठमोठ्यांना घाम फोडलेला आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, शहरातल्या नामवंतांना व्याख्यानाला नेलं. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा प्यायले, कुणी भिडेखातर नुसता पेला हातात धरला. गोपाळराव मोठे खटपटी. त्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि मग बहिष्काराचं जे ग्रामण्य उभं राहिलं ते शंकराचार्यांपर्यंत गेलं. यादीत टिळक होते, रानडे होते. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, आणि रानड्यांनी स्वतःला पटत नसताना, बरोबरच्या माणसांचे हाल थांबावेत म्हणून घेतलं. एवढ्या मोठ्या राजकारणाला कारण काय, तर चहाबरोबरचं बिस्किट. पुढे १८९८ साली दिल्लीत हिंदू बिस्किट कंपनी निघाली. उच्चवर्णीयांचाच हात लागलेली बिस्किटं मिळतील, ही तिची हमी होती. नानकटाई मात्र निराळ्या वाटेने गेली. तिची सुरतेत सांगतात ती कथा अशी की डच लोक परत जाताना आपली बेकरी दोतीवाला नावाच्या पारशी गृहस्थाकडे सोपवून गेले. पाव खपेना, म्हणून तो वाळवून विकू लागले, आणि गिऱ्हाइकाच्या धर्माला अडचण नको म्हणून पुढे त्यातून अंडं गेलं, ताडी गेली, उरलं ते पीठ, तूप आणि साखर. समोरच्याला निर्धास्तपणे खाता यावं म्हणून इतकं सोडणारा पदार्थ माझ्या माहितीत दुसरा नाही.

म्हणून पुतणीचं कौतुक वाटतं. आजेसासूबाई आणि ती, दोघी एकच चौकशी करतात. एक विचारायची ती त्या हातापासून लांब राहायला. दुसरी विचारते ती त्या हाताचं आपल्याकडे काही देणं निघतं का, ते बघायला.

देणं निघतं. साखरेपाशी निघालं.

साखर कुठली, यावर मी मोंढ्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानाचं नाव सांगितलं. तिला ते नको होतं. त्याच्या मागचं हवं होतं. आणि मागचं सांगायला फार लांब जावं लागत नाही. दसऱ्यानंतर अंबड, घनसावंगी, मंठा या आमच्याच तालुक्यांतून ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी, पोरं आणि म्हातारी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती गाळप संपेपर्यंत फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. पाडव्याच्या सुमाराला परत येतात. आमची दिवाळी आणि त्यांचं निघणं एकाच हंगामात, त्यामुळे आम्ही भट्टीकडे डबा घेऊन चाललेलो असतो आणि रस्त्याने ते चाललेले असतात. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याला दंड. बाईमाणसाला महिन्यातले चार दिवस येतात, ते या हिशोबात बसत नाहीत. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बीड आम्हाला काही परकं नाही. मधे फक्त गोदावरी आहे.

ओट्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग भाभी म्हणाल्या, साखर नको तर गूळ घालू. सासूबाईंनी पहिल्यांदाच परातीतून हात काढला. "गुळाचा ऊस काय आपोआप तुटतो?"

इंग्लंडात एकदा साखर सोडून बघितली होती. १७९१ साली विल्यम फॉक्स नावाच्या माणसाने पत्रक काढलं की वेस्ट इंडिजची साखर गुलामांच्या रक्ताची आहे, ती सोडा. त्याने हिशोबच मांडला. आठवड्याला ५ पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती बंद केली तर एका माणसाची गुलामी किंवा मरण टळतं. थॉमस क्लार्कसनच्या अंदाजाप्रमाणे ३ लाख माणसांनी साखर सोडली. यात पुढाकार बायकांचा, कारण साखरेचा डबा कुठल्याही देशात त्यांच्याच ताब्यात. आणि १८२० नंतर पुन्हा ही चळवळ उठली तेव्हा तिथल्या सुगरणींनी टेबलावर खास साखरदाण्या मांडल्या, ज्यांच्यावर लिहिलेलं असे की यातली साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. म्हणजे तिकडच्या सदसद्विवेकाला आपली साखर चालली होती! मी हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंना सगळ्यात जास्त आश्चर्य त्या ५ पौंडांचं वाटलं. "आठवड्याला सव्वादोन किलो? त्यांचे तर पायच कापावे लागले असतील."

साखर सोडून नानकटाई होत नाही, आणि आमच्या चार घरांनी सोडून कुणाचा खाडा माफ होणार नाही. पुतणीचं म्हणणं पडलं की निदान लिहू तरी. पाकिटात चिठ्ठी घालू. काय कुठून आलं, कुणी केलं, आणि जे नीट नाही तेही.

इथे आमच्या वाड्यातले काका पुढे सरसावले. काकांची नोकरी बियाण्याच्या धंद्यात गेली. जालना बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको काढली आणि पुढे १९९८ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे काका दुधवाल्यालासुद्धा ऐकवतात. त्यांचं म्हणणं, चिठ्ठी लिहायची तर शास्त्राप्रमाणे लिहा. इथला शेतकरी सरकीची पिशवी घेताना वाण बघतो, लॉट नंबर बघतो, उगवणशक्ती बघतो, मुदत बघतो. तोच शेतकरी बिस्किटाचा पुडा घेताना नुसता भाव बघतो. बियाण्यात प्रमाणित असतं, त्याला सरकारी यंत्रणेची निळी खूणचिठ्ठी. आणि दुसरं असतं सत्यप्रत, ज्यात सरकार मधे नाही, विकणारा स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतो की पिशवीत हे आहे आणि एवढं आहे. "तुमची नानकटाई सत्यप्रत," काकांनी निकाल दिला आणि चष्मा लावून मसुदा करायला बसले.

मसुद्यावरून घरात जे झालं ते ग्रामण्यापेक्षा कमी नव्हतं. पीक: नानकटाई. वाण: मस्तगड स्थानिक. इथपर्यंत ठीक होतं. भौतिक शुद्धता ९८ टक्के आणि काडीकचरा २ टक्के, हे वाचून सासूबाई उठून उभ्या राहिल्या. माझ्या हातच्या बिस्किटात काडीकचरा? काकांनी समजावलं की बियाण्यात एवढा चालतो, कायद्याने. सासूबाईंनी सांगितलं, कायद्याला माझ्या ओट्यावर आणू नका. तो रकाना गेला. उगवणशक्ती हा रकाना काका काढायला तयार नव्हते. शेवटी 'लागू नाही' यावर तडजोड झाली.

पुढे पुतणीने हातात घेतलं. मैदा मोंढ्यातला, गिरणीचं नाव माहीत नाही. साखर मोंढ्यातली, कारखाना माहीत नाही, ऊस तोडणाऱ्यांची नावं माहीत नाहीत, त्यांची मजुरी आम्हाला पुरेशी वाटत नाही. जायफळ, वेलदोडा दक्षिणेकडचा. वरच्या किसासाठी मोसंबीची साल जालन्याचीच. ती ज्या बागेतली, ती बाग २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालून जगवलेली. त्या वर्षी जिल्ह्यात मोसंबीच्या बागांची सरपणाला भर पडली होती, म्हणून हे लिहायलाच हवं असं काकांनी बजावलं. मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे हेही त्यांनी घातलं. तूप अंबड तालुक्यातल्या मावशीकडचं, म्हशीला दोन सडं सोडून.

ही चिठ्ठी घेऊन पुतणी चाचांकडे गेली, भट्टीची माहिती विचारायला. चाचांनी ती नाकाच्या शेंड्याशी धरली आणि मग तिच्याकडून पूर्ण वाचून घेतली, कारण मराठी त्यांना वाचता येतं पण घाईत नाही. मग म्हणाले, "सबका नाम आया बेटा. आग का नाम नहीं आया." तिने लगेच पेन काढलं. लाकूड बाभळीचं, वखारीतलं. भट्टी जुनी. भाजणारा मुलगा उत्तरेकडून आलेला, रात्री दोनला उठतो. त्या मुलाने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मग जरा थांबून आईचंही नाव सांगितलं, तेही लिहा म्हणाला. सुट्टी कधी असते, असं पुतणीने विचारलं. तो चाचांकडे बघायला लागला, चाचा भट्टीकडे. मग चाचा म्हणाले की पुढच्या महिन्यापासून जुम्म्याला देणार होतोच. हे 'होतोच' पुतणीने चिठ्ठीत जसंच्या तसं घातलं.

आता चिठ्ठी एवढी झाली की पाकिटात घडी करून बसेना. नानकटाईच्या थराखाली अंथरली तेव्हा बसली. कागदाने तूप प्यायलं आणि तो पारदर्शक होऊन मागची बाजूही पुढून दिसायला लागली. काका म्हणाले, सत्यप्रतीत असंच असतं, काही लपत नाही.

पाकिटं रवाना झाली. बंगळुरूच्या ऑफिसात चिठ्ठी वाचून दाखवण्यात आली असं कळलं. एकाने साखरेच्या ओळीपाशी खाणं थांबवलं आणि बाकीच्यांनी त्याच्या वाट्याची संपवली. एक मुलगी म्हणाली, तिचे आजी-आजोबा ऊसतोडीला जात, मंठ्याहून. तिच्या शेजारी पुतणी दोन वर्षं बसत होती. हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या मुलीने म्हणे नानकटाया दोन जास्तीच्या घेतल्या, आणि का, ते कुणी विचारलं नाही.

गावातही वाटल्या. डालड्याच्या काकूंनी चिठ्ठी देवघरात ठेवली. मधुमेह असलेल्या एका गुरुजींनी नानकटाई परत केली पण चिठ्ठी ठेवून घेतली. तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ती दुसऱ्या दिवशी परत पाठवली.

मावशीचं पाकीट मात्र आठ दिवसांनी पोचलं, आणि पोचलं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं कौतुक करेल.

"काय गं, हे तुपाचं काय लिवलंय?"

"कामून? काय चुकलं?"

"म्हैस माझी नाही. म्हैस जावंची. मी नुसतं कढवते. तिनं वाचलं ना, तवापासून तोंड फिरवून बसलीय. पुढच्या बारीला तिचं नाव टाक पहिलं. आन् त्या म्हशीचं नाव चंद्री. तेबी लिव्ह."